शकरखोऱ्यासाठी धायटी

"टीचर, आमच्या दारात हमिंगबर्ड येतो." दर वर्षी वर्गात कुणी ना कुणी हे सांगतंच. मोबाईलवर व्हिडिओ पाहिलेला असतो आणि दारातल्या जास्वंदीवर इवलासा चमकदार पक्षी लांब चोच खुपसताना दिसलेला असतो. मुलांचं निरीक्षण बरोबर असतं, फक्त नाव परकं असतं. हमिंगबर्ड उत्तर आणि दक्षिण अमेरिका सोडून जगात कुठेच नाही. आपल्याकडे येतो तो शिंजीर, म्हणजे सूर्यपक्षी. दोघांचं नातं काहीच नाही, पण फुलातला मध प्यायचा तर चोच बारीक आणि लांब लागते, म्हणून दोघेही एकमेकांसारखे दिसू लागले. हमिंगबर्ड हवेत एका जागी थांबून मध पितो. आपला शिंजीर शक्यतो फांदीवर बसून, प्रसंगी उलटा लटकून पितो.

उर्दूच्या तासाला मी त्याचं तिसरं नाव सांगते, शकरखोरा. साखर खाणारा. उर्दूत म्हणच आहे की खुदा शकरखोऱ्याला शकरच देतो. ज्याची जी गरज, ती त्याला कुठून तरी मिळते. मग मुलं विचारतात, "पण उन्हाळ्यात सगळं वाळल्यावर त्याला शकर कोण देतं?" उत्तर आमच्या कोयनानगरच्या डोंगरावरच आहे. धायटी देते.

पाटणहून हेळवाककडे येताना उताराच्या बाजूला कमरेएवढी, कधी डोक्याएवढी झुडपं दिसतात. पावसाळ्यात कुणी त्यांच्याकडे ढुंकून बघत नाही. पण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत, गवत पिवळं पडतं तेव्हा, तिच्या फांद्या लालभडक नळीसारख्या फुलांनी भरून जातात. नळीच्या तळाशी मध असतो आणि पुंकेसर बाहेर डोकावत असतात. शिंजीर चोच आत घालतो तेव्हा पराग त्याच्या चोचीला, कपाळाला लागतात आणि पुढच्या झुडपावर पोचतात. धायटी मेंदीच्या कुळातली, डाळिंबही त्याच कुळातलं. आयुर्वेदात तिचं नाव धातकी. आसवं, अरिष्टं आंबवताना हीच फुलं घालतात. युनानी हकीम तिला गुल-ए-धावा म्हणतात. एकाच झुडपाला आपल्या दोन्ही दवाखान्यांत जागा आहे.

हे झुडूप दारात लावायचं मी ठरवलं तेव्हा अडचण मातीची नव्हती, अम्मींची होती. अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. 1966 साली लग्न होऊन त्या इथं आल्या. सासरे धरणाच्या कामावर होते. वर्षभरातच, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे, कोयनेचा भूकंप झाला. त्यांचं घर बसलं. माणसं वाचली, पण पुढचे कित्येक महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले. तेव्हापासून अम्मींनी जमिनीत एकही रोप लावलं नाही. पुदिना, कोथिंबीर, मोगरा, मेंदीसुद्धा तेलाच्या डब्यात. "जमीन का क्या भरोसा, बेटा? डब्बा उठाया और चले."

त्यांचं म्हणणं खोटं कसं म्हणू? या गावात कायमचा कोण आहे? धरणाच्या पाण्याखाली ज्यांची गावं गेली, ती माणसं सोलापूर, सांगली, रायगडपर्यंत पांगली. वसाहतीत राहणारे आम्ही सगळे बदलीचे. क्वार्टर आज आपली, उद्या दुसऱ्याची. अशा ठिकाणी माणूस झेंडू लावतो, चार महिन्यांत फूल घेतो आणि मोकळा होतो. तीन वर्षांनी फुलणारं झुडूप कोण लावणार?

पण धायटीला डबा मानवत नाही. तिची मुळं मुरमात, दगडाच्या फटीत शिरायला हवीत. म्हणून परसातल्या उताराची जागा निवडली. इथल्या पावसात सपाट जागी पाणी साचून मूळ कुजतं. रोप डोंगरातून उपटून आणलं नाही. जंगलातलं उपटायचं नसतं आणि उपटलेलं सहसा जगतही नाही. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरच्या झुडपाची वाळलेली बोंडं मागून आणली. बी अगदी धुळीसारखं बारीक. ते पुरायचं नाही, ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं आणि पाणी हलक्या हातानं शिंपडायचं. पावसाच्या सुरुवातीला उगवलेली रोपं वर्षभर पिशवीत वाढवली आणि पुढच्या पावसाळ्यात दोन जमिनीत लावली. खत दिलं नाही. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला दोन तांबे पाणी, नंतर तेही नाही.

तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारीत, फुलं आली. आधी जांभळा शिंजीर आला, उन्हात काळा दिसणारा आणि मान वळवली की निळा-जांभळा झळकणारा. त्याची मादी साधी, वरून मातकट आणि पोटाला पिवळसर. मग एका सकाळी लाल गळ्याचा आला, पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेच न सापडणारा. इंग्रजीत त्याला विगर्सचं नाव दिलंय. मी वर्गाला सांगितलं, "हमिंगबर्ड बघायला अमेरिकेला जाता येईल. पण याला बघायला अमेरिकेतल्या माणसाला आपल्या डोंगरात यावं लागेल." मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे हा आपल्यापेक्षाही जुना कोयनेकर." वर्ग हसला. मला मात्र ते वाक्य फार आवडलं.

शिंजिराच्या मादीनं अम्मींच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर घरटं बांधलं. कोळ्याचं जाळं, वाळकी पानं, कापसाचे धागे यांची लोंबती पिशवी, दार बाजूला. अम्मींनी महिनाभर त्या तारेवर कपडे घातले नाहीत आणि कुणाला घालूही दिले नाहीत. पिल्लांना मध नाही, किडे आणि कोळी भरवतात, हे त्यांनीच मला दाखवलं.

यंदा नवऱ्याचं नाव बदलीच्या यादीत आहे. मेपर्यंत क्वार्टर सोडावी लागेल. अम्मींचे डबे बांधून तयार आहेत. झाडं मात्र इथंच राहणार. येणारं कुटुंब ती ठेवेल की तोडेल, माझ्या हातात नाही. धायटी तोडली तरी बुंध्यातून पुन्हा फुटते, एवढाच दिलासा.

काल अम्मी वाळलेली बोंडं चोळून बी काढत बसल्या होत्या. दोन पुड्या केल्या. एक आमच्यासोबत न्यायची. दुसरी शेजारच्या काकूंना दिली आणि बजावलं, "नये लोग आये तो देना. बोलना, डब्बे में नको, जमीन में लगाओ."