नळाची वेळ नव्हती

बाबा सायकल स्टँडला कशी लावतात, त्या आवाजावरून आम्हा भावंडांना घरातलं पुढचं हवामान कळायचं. स्टँड आपटला की पाढे मोठ्याने सुरू व्हायचे आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही. चाळीतल्या बहुतेक घरांत हेच.

पडद्यावरचा राग मात्र आम्हाला हवाहवासा वाटे. ‘जंजीर’मधला विजय खुर्चीला लाथ मारतो, तसं आम्ही गॅलरीत स्टुलाला मारत असू. ‘दीवार’मध्ये तो गोदाम आतून बंद करून किल्ली पीटर या गुंडाकडेच ठेवायला देतो, त्या प्रसंगासाठी घरातली कुलपं गायब व्हायची. तो राग घराबाहेरचा होता, गुंडांवरचा. त्याची आम्हाला कधी भीती वाटली नाही.

मग ‘अर्धसत्य’ आला, 1983 साली. आम्ही तो पुढे वर्गणी काढून भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर पाहिला. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा आणि फौजदाराचं आडनाव वेलणकर! असा माणूस आमच्याच जिन्यावर भेटला असता. ओम पुरींचा तो आवळलेला जबडा अजून डोळ्यांपुढे आहे. गुंड रामा शेट्टी आवाजही चढवत नाही, आणि त्याचं काहीच वाकडं करता येत नाही म्हणून वेलणकर आतल्या आत जळत राहतो. शेवटी तो सगळा जाळ कोठडीतल्या एका भुरट्या चोरावर निघतो, आणि तो मरतो. वरच्यापुढे गिळलेला राग खालच्यावर कसा कोसळतो, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. साहेबांनी रजा नाकारलेल्या दिवशी आमच्याकडे ताट भिरकावलं जायचं.

अमरीश पुरींनी केलेला वेलणकरचा बाप बायकोवर हात उगारतो, तेव्हा खोलीत बसलेली वीस-पंचवीस माणसं एकदम गप्प झाली. कुणी खोकलंसुद्धा नाही. आई उठली, पाणी भरायचंय म्हणाली आणि आत गेली. नळाची वेळ नव्हती. बाबा पडद्याकडेच बघत होते, हात मांडीवर घट्ट धरून.

सिनेमा संपला, सतरंज्या गोळा झाल्या. बाबा आत गेले आणि आम्ही कान टवकारले. त्यांनी आईला हळूच विचारलं, “आलं का पाणी?”

“नाही अजून,” आई म्हणाली. मग बराच वेळ ते दोघं तिथेच मोरीपाशी उभे होते.