न तपासलेल्या वह्या

२०२२ सालच्या पावसाळ्यांत पांचवीच्या निबंधाच्या बेचाळीस वह्या माझ्या टेबलावर तीन आठवडे तशाच पडून होत्या. मास्तर आजारी आहेत, एवढेंच तेव्हां मुलांना सांगण्यांत आलें. आजार कसला, हें कोणी सांगितलें नाहीं; मींही नाहीं.

घरांत कोणी वारलें नव्हतें, डोक्यावर कर्ज नव्हतें. तरी पहाटें तीनला जाग येई, आणि उजाडल्यावर अंथरुणांतून उठणें गड चढण्यासारखें वाटे. अन्नाला चव नसे. वही उघडावी, पहिली ओळ पांच वेळां वाचावी, आणि मिटून ठेवावी, असा क्रम चाले. प्रार्थनाही मुखावाटें निघेना. विश्वास उणा पडला म्हणूनच मन खचतें, असें एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं मला समजाविलें. त्यांचा हेतु चांगला होता. पण माझा भार त्या दिवशीं दुप्पट झाला.

पत्नीनें उपदेश केला नाहीं. ती सायंकाळीं वह्या घेऊन बसे, एकेक निबंध मोठ्यानें वाची, आणि मी नुसते गुण सांगें. पहिल्या दिवशीं दोन वह्या झाल्या. आठवड्यानें तीच मला सरकारी रुग्णालयांतील मनोविकारतज्ज्ञांकडे घेऊन गेली. ह्याला नैराश्य म्हणतात व तो मधुमेहासारखाच आजार आहे, असें डॉक्टरांनीं सांगितलें. गोळ्यांचा गुण दिसण्यास कित्येक आठवडे लागतात आणि त्या आपल्या मनानें बंद करावयाच्या नाहींत, हेंही बजाविलें. (दहाव्या दिवशीं तोंडाला कोरड पडते म्हणून मीं त्या बंद करण्याचा घाट घातलाच होता!) दुसरें त्यांनीं सांगितलें तें असें, कीं उत्साह आल्यावर काम करीन म्हणून थांबूं नका, थोडें काम आधीं करा, उत्साह मागाहून येतो.

इंग्रज कवि विल्यम कूपर ह्याचा आजार मीं पदवीपरीक्षेसाठीं एका ओळींत पाठ केला होता. आतां त्याचें चरित्र निराळ्या दृष्टीनें वाचलें. १७७३ सालीं त्याला खिन्नतेचा भयंकर झटका आला. पुढल्या वर्षीं त्यानें रानसशांचीं तीन पिलें पाळलीं, त्यांच्यासाठीं स्वतः सुतारकाम करून घरें बांधलीं, आणि १७८४ सालीं एका मासिकांत त्या सशांचे स्वभाव मोठ्या मौजेनें वर्णिले. सशांनीं तो बरा झाला नाहीं. रोग पुन्हां पुन्हां उलटला, आणि १८०० सालीं त्याचें निधन झालें तेव्हांही तो त्यांतून सुटलेला नव्हता. पण मेरी अन्विन नांवाच्या विधवा बाईनें त्याला वर्षानुवर्षें सांभाळलें, आणि त्या वर्षांतच त्याची पुष्कळशी कविता झाली. माझे ससे म्हणजे कढीलिंबाच्या चार कुंड्या. रोज सकाळीं त्यांना पाणी घालणें, एवढा एकच नेम मीं पहिल्या महिन्यांत पाळूं शकलों.

दीड वर्षानें डॉक्टरांनीं गोळ्या हळूहळू कमी केल्या. पावसाळा आला म्हणजे अजून थोडी धास्ती वाटते. पालकांस विनंति ही, कीं घरांत कोणी असें मिटत चाललें तर डॉक्टरांस गांठावें. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही दूरध्वनिसेवा चालू आहे. १४४१६ ह्या क्रमांकावर रात्रंदिवस, विनामूल्य, मराठींतही बोलतां येतें.

एक गोष्ट मात्र मला सलत होती. पुष्कळ वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एक मुलगा मागच्या बाकावर डोकें टेकून बसूं लागला. त्याचें खेळणें सुटलें, गुण उतरले. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत तांबड्या शाईनें ‘आळशी’ असें लिहिलें आणि तें वर्गांत वाचूनही दाखविलें. बरा झाल्यावर मीं त्याचा पत्ता मिळविला व पत्रानें क्षमा मागितली.

नाताळच्या सुट्टींत तो घरीं आला. आतां चांगला मिशीवाला गृहस्थ. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून तो म्हणाला, “सर, त्या वेळीं कोणीं नुसतें विचारलें असतें, तरी मीं सांगितलें असतें.”

ह्याला मजजवळ उत्तर नव्हतें. आम्हीं चहा घेतला, आणि मी त्याला फाटकापर्यंत पोंचवावयास गेलों.