पिंजऱ्याशेजारचा मारिओ

नक्खासच्या इतवार बाजारातून दादाने घासाघीस करून ती पिवळी कॅसेट आणली होती. वर ‘64 इन 1’ छापलेलं, आत गेम जेमतेम पंधरा. बाकी तेच पुन्हा पुन्हा. अडली की काढायची, खालच्या फटीत जोरात फुंकर मारायची, परत खोचायची. लखनौत आमच्या घरी वीज टिकली तर संध्याकाळचा हाच उद्योग.

मारिओ मला दादाने शिकवला. ‘डाँकी काँग’मध्ये तो पिंपांवरून उड्या मारत शिड्या चढायचा आणि वरच्या माकडाच्या तावडीतून पोरीला सोडवायचा. माझा जीव गेला की रिमोट दादाकडे. माझे जीव फार लवकर जायचे, त्यामुळे मी मारिओ खेळलो कमी आणि दादाच्या मांडीशी बसून पाहिला जास्त.

एकदा यादीतला खालचा गेम लावला. माकड पिंजऱ्यात. त्याचं पिल्लू वेलींना लोंबकळत बापाला सोडवायला निघालेलं. आणि वर पहाऱ्याला उभा तोच, टोपीवाला, मिशीवाला.

“दादा, हा आपला मारिओ ना?”

दादाने पडद्याला नाक लावून पाहिलं. “छे. दुसरा कुणीतरी असेल.”

दादा खोटं बोलू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं.

पहिला गेम 1981चा, हा 1982चा. निन्टेंडोने एका वर्षात त्याला जिन्याच्या तळातून उचलून वर नेऊन बसवलं होतं. पिल्लाने दोन्ही हातांत दोन वेली धरल्या तर झरझर चढता येतं, उतरताना मात्र एकच वेल बरी. ही युक्ती मला कुणी शिकवली नाही. शेवटच्या पडद्यावर साखळ्यांवरून सहा किल्ल्या कुलपांपर्यंत ढकलायच्या असतात. सहावी बसली, खालची जमीन गेली आणि मारिओ कोसळला. मी आनंदाने वळलो, तर दादा पाठमोरा, गाद्या घालत होता. त्यानंतर तो गेम त्याने कधी लावला नाही.

पुढे पुण्यात हॉस्टेलवर आलो. स्वतःलाही ‘आम्ही’ म्हणायची लखनवी खोड होती. त्यावरून मित्र दोन वर्षं हसले. तिथल्या जुनाट कॉम्प्युटरवर ‘पोकेमॉन’ सुरू केला. आधी 1996चा, मग त्याच्या पुढचा, 1999चा. दुसऱ्या गेममध्ये सोळाच्या सोळा बिल्ले मिळवले की सिल्व्हर पर्वताची वाट मोकळी होते. आत अंधारी गुहा, आणि गुहेच्या टोकाला एक मुलगा एकटाच उभा. त्याच्याशी बोलायला गेलं की उत्तरादाखल नुसती टिंबं. हा रेड. पहिल्या गेमभर मी ज्याला चालवत होतो तो. त्याचा पिकाचू 81व्या पातळीचा, माझ्याकडे तेवढं कुणीच नव्हतं. मी चार वेळा हरलो. एरवी हरलो की शिव्या घालायचो. इथे गप्प बसून राहिलो. इतकी वर्षं हा इथे उभा, आणि आपण कॉम्प्युटर बंद करून जेवायला गेलो होतो.

पाचव्या वेळी जिंकलो. जिंकल्यावर तो काही उपदेश करत नाही. पुन्हा टिंबं, मग पडदा काळा, मग तो दिसेनासा होतो आणि थेट गेम करणाऱ्यांची नावं सरकू लागतात. एवढी सभ्य हार दुसऱ्या कुठल्या खेळात मी पाहिलेली नाही.

दादा अजून लखनौतच आहे. 2022पासून तीन मोसम के. एल. राहुल लखनौ सुपर जायंट्सचा कर्णधार होता आणि दादा त्याच्या प्रत्येक धावेचा हिशेब मला फोनवर द्यायचा. मग लिलाव झाला. 22 एप्रिल 2025ला राहुल एकाना स्टेडियमवर परतला तो दिल्लीकडून. लखनौच्या 159 धावा. दादा स्टँडमध्ये, अंगात लखनौची जर्सी. सामना आठ गडी राखून दिल्लीने खिशात घातला. शेवटचा षटकार राहुलचाच.

रात्री मी फोन केला. मागे रिक्षांचे हॉर्न.

“दादा, होतास कुणाकडून?”

“तिकीट लखनौचं काढलं होतं.” थोडा वेळ नुसते हॉर्नच ऐकू आले. मग म्हणाला, “नाबाद 57.”