वाटाण्याएवढे मलम

आमच्या सेमिनरीत आरसे फार थोडे होते. तोंड धुण्याच्या जागी भिंतीवर एक लांबट, कडेने पारा उडालेला आरसा होता. पहाटेची घंटा झाली की वीस-बावीस जण त्याच्यापुढे दाढी करण्यासाठी दाटीवाटीने उभे राहत. इतरांना तो आरसा अपुरा वाटे. मला तो नकोसा वाटे. वयाच्या सोळाव्या वर्षी माझ्या कपाळावर मुरमांनी जी वस्ती केली, ती विशी उलटली तरी उठली नव्हती. उलट कपाळावरून गालांवर आणि गालांवरून हनुवटीपर्यंत तिचा विस्तारच झाला होता. वस्तरा फिरला की दोन-चार पुटकुळ्या हमखास फुटत आणि पांढऱ्या झग्याच्या गळपट्टीवर रक्ताचे ठिपके उमटत. ते ठिपके लपवण्यासाठी मी मान किंचित वाकवून चालू लागलो. पुढे पुढे ती सवयच झाली. एका प्राध्यापकांनी तर माझ्या अंगच्या नम्रतेची चारचौघांत वाखाणणी केली होती!

घरी आईने तिच्या परीने सारे उपाय केले होते. जायफळ उगाळून झाले, चंदन झाले, मुलतानी माती झाली. शेजारच्या मावशींनी लिंबाचा रस सांगितला, त्याने आगीखेरीज काही झाले नाही. सेमिनरीत एका सोबत्याने दात घासण्याची पेस्ट लावायला सांगितली. रात्रभर ती लावून मी झोपलो आणि सकाळी गालावर लाल चट्टा घेऊन उठलो.

एकदा धीर करून मी हा विषय माझ्या आध्यात्मिक मार्गदर्शकांजवळ काढला. ते मनाने फार चांगले होते, पण त्यांनी हसून सांगितले, "ब्रदर, चेहऱ्याची काळजी हा दिखाऊपणाचा धाकटा भाऊ आहे. ही गोष्ट अर्पण करून टाका आणि विसरून जा." मी अर्पण केले, विसरणे मात्र जमले नाही. उलट, पूर्वी नुसता चेहरा दुखत होता, आता त्याच्या जोडीला चेहरा दुखतो याची टोचणीही लागली.

सन १९९१. मी तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका रविवारी जवळच्या चर्चमध्ये पहिले वाचन करण्यासाठी मला पाठवण्यात आले. मी उभा राहिलो, ग्रंथ उघडला, आणि पहिल्या बाकावरच्या एका लहानग्याने स्वच्छ आवाजात विचारले, "मम्मी, ब्रदरच्या तोंडाला काय झालंय?" आईने त्याला दटावले. मंडळींत दोन-तीन जण हसले असतील, नसतीलही. मला पुढची ओळ दिसेना. वाचन कसेबसे संपवून मी जागेवर आलो, आणि देवाचा शब्द लोकांसमोर सांगण्याचे हे काम आपल्याकडून होणार नाही, असा विचार त्या दिवशी प्रथमच माझ्या मनात आला. वाचकहो, मुरमांमुळे कोणी पाचारण सोडून देईल का, असे तुम्ही म्हणाल. वीस वर्षांच्या मुलाला ते अगदी शक्य वाटते, एवढेच मी सांगू शकतो.

आमच्यातील एक वरिष्ठ ब्रदर आजाऱ्यांची व औषधांची व्यवस्था पाहत असत. त्यांनी काही न विचारता दुसऱ्याच आठवड्यात मला एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेले. बाईंनी माझी हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि बराच वेळ पाहिले. इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्याकडे कोणी असे सरळ पाहिले नव्हते. लोक एक तर नजर चुकवीत, नाही तर टक लावीत.

"किती वर्षं आहे हे?"

"पाच."

"मग एवढे दिवस का थांबलात, ब्रदर?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

बाईंनी मला समजेल अशा शब्दांत रोग समजावून सांगितला. त्वचेवरील प्रत्येक सूक्ष्म छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी सतत गळून पडत असतात. त्या गळण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहिल्या की छिद्राला बूच बसते. मग आत तेल साचते, जंतू वाढतात, सूज येते. तोंड कितीही वेळा धुतले तरी ते बूच निघत नाही. त्यांनी लिहून दिलेल्या मलमाचे नाव होते ट्रेटिनॉइन. ते अ जीवनसत्त्वाचेच एक रूप. प्रमाण ०.०२५ टक्के. हे मलम पेशींना चिकटू देत नाही, म्हणजे बूच मुळातच बसू देत नाही. "आलेल्या फोडावर ठिपका लावायचं हे औषध नव्हे," बाई म्हणाल्या. "जे फोड अजून आलेलेच नाहीत, त्यांच्यासाठी हे आहे. म्हणून सगळ्या चेहऱ्याला लावायचं. रात्री, तोंड धुऊन पूर्ण कोरडं झाल्यावर. आणि सगळ्या चेहऱ्याला मिळून किती? वाटाण्याएवढं. पहिले काही आठवडे त्रास वाढेल. तीन महिने मला काही विचारू नका."

तीन महिने थांबण्याचा धीर माझ्याजवळ कुठला? वाटाण्याएवढ्या मलमाने तीन महिने लागत असतील, तर चार वाटाण्यांनी तीन आठवड्यांत काम होईल, असा हिशेब मी मांडला. ओल्या चेहऱ्यावरच, सकाळ-संध्याकाळ, मी ते मलम चोळू लागलो. पाचव्या दिवशी गाल शेंदरासारखे लाल झाले, आठव्या दिवशी ओठांच्या कडांची सालपटे निघू लागली. जेवताना आमटीचा थेंब लागला तरी डोळ्यांत पाणी येई. भरीला मे महिन्याची सुट्टी लागली. घरी गेल्यावर मी बाबांबरोबर केळीच्या वाडीत दिवसभर उन्हात राबलो. त्या मलमाने त्वचा उन्हाला हळवी होते, हे बाईंनी सांगितले होते; मी ते ऐकले होते, मनावर घेतले नव्हते. चेहरा असा पोळला की आईने ट्यूब उचलून उकिरड्यावर टाकली.

सुट्टी संपल्यावर ओशाळून पुन्हा बाईंकडे गेलो. त्या रागावल्या नाहीत. "औषध वाईट नाही, घाई वाईट," एवढेच म्हणाल्या. त्वचा बरी होईपर्यंत मलम बंद ठेवायला लावले. मग एक रात्र आड, तोंड धुतल्यावर वीस मिनिटे थांबून, वाटाण्याएवढेच. त्यावर त्वचेचा कोरडेपणा घालवणारे एक साधे क्रीम. दिवसा डोक्यावर टोपी. सहाव्या आठवड्यात चेहरा पूर्वीपेक्षाही वाईट दिसू लागला; आत दडलेले फोड वर येत होते. या वेळी मी सोडले नाही. दहावा आठवडा संपत आला असताना एका सकाळी दाढी करताना लक्षात आले, वस्तरा न अडखळता खाली आला होता. गळपट्टी पांढरी होती.

वर्षभर मी ते मलम लावले, पुढेही अधूनमधून लावत राहिलो. नवे फोड येणे थांबले. जुन्या फोडांनी पाडलेले खड्डे मात्र माझ्या गालांवर आजही आहेत; तेवढे खोल व्रण बुजवणे या मलमाच्या आवाक्यात नाही. ती पाच वर्षे मी लवकर दाखवले असते, तर ते कदाचित पडलेही नसते.

हे सारे भोगलेल्या माणसाला पुढे शहाणपण यायला हवे होते. आता त्याची गोष्ट सांगतो, कारण खरे तर तीच सांगण्यासाठी लिहायला बसलो आहे.

सन २०१६ मध्ये मी ज्या धर्मग्रामात होतो, तिथल्या गायनवृंदात सतरा वर्षांची एक मुलगी होती. तिचा गळा गोड होता. एका रविवारी मिस्सानंतर ती सॅक्रिस्टीच्या दाराशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "फादर, मला पुढे उभं राहून गायचं नाही. मागे बसून गाते." का, असे विचारल्यावर तिने ओढणी गालावरून थोडी बाजूला केली. मी घाईत होतो. दुसऱ्या चर्चमध्ये बाप्तिस्मा होता. मी तिला शमुवेलाच्या ग्रंथातील दाविदाच्या निवडीचा दाखला दिला. माणूस बाहेरचे पाहतो, देव अंतःकरण पाहतो, असे सांगून पाठीवर हात ठेवला आणि निघालो. माझ्या मार्गदर्शकांचेच शब्द मी पंचवीस वर्षांनी, थोडे अधिक शास्त्राधारे, तिच्या ओंजळीत टाकले होते.

ती गायनवृंदात पुन्हा आली नाही. वर्षभराने तिची आई भेटली, तेव्हा कळले. मुलीने मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, एक क्रीम आणले होते. चार दिवसांत फोड बसले, रंगही उजळला. वर्षभर ती ते रोज लावत होती. बंद केले की चेहरा भडके, म्हणून पुन्हा लावी. त्वचा इतकी पातळ झाली होती की गालांवर बारीक शिरा दिसत, आणि चुलीपाशी दोन मिनिटेही तिला उभे राहवत नसे.

आईने मला ते खोके दाखवले. चष्मा लावून मागचा मजकूर वाचला. त्यात तीन औषधे होती: मोमेटासोन हे स्टिरॉइड, डाग फिके करणारे हायड्रोक्विनोन, आणि तिसरे ट्रेटिनॉइन. माझे जुने, उपकारकर्ते ट्रेटिनॉइन! अशी मिश्रणे चेहऱ्यावरील वांगासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या आठवड्यांपुरती असतात. आपल्याकडे ती गोरे करणारी आणि मुरमे घालवणारी क्रीम म्हणून सर्रास वापरली जातात. स्टिरॉइड सूज दाबते, म्हणून चार दिवसांत गुण आल्यासारखे वाटते. त्याचा हिशेब पुढे चुकता करावा लागतो. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. परंतु कागदावरचा नियम दुकानाच्या फळीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

मी त्या मुलीच्या घरी गेलो आणि तिची क्षमा मागितली. ती काही कडवटपणाने बोलली नाही. म्हणाली, "फादर, मी गाल दाखवला तेव्हा तुम्ही घड्याळ बघत होता." मग मी तिला माझ्या गालांवरचे खड्डे दाखवले आणि चार वाटाण्यांची गोष्ट सांगितली. ती प्रथमच हसली. योग्य उपचारांनी तिचा चेहरा निवळायला वर्षाहून अधिक काळ लागला.

त्या रात्री मी शमुवेलाचा तो अध्याय पुन्हा काढला. देव अंतःकरण पाहतो, हे तिथे आहेच. पण पाच ओळींनंतर दावीद आत येतो, तेव्हा तो तांबूस वर्णाचा, सुंदर डोळ्यांचा आणि देखणा होता, हेही ग्रंथकर्त्याने आवर्जून लिहिले आहे. अंतःकरणाची गोष्ट सांगतानाही त्याने चेहऱ्याकडे पाहायचे टाळले नव्हते.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, ती मला फार उशिरा कळली. २०२२ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने होम्सबर्ग कारागृहातील कैद्यांची जाहीर क्षमा मागितली, त्याची बातमी वाचनात आली. १९५१ ते १९७४ या काळात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. आल्बर्ट क्लिगमन यांनी तिथल्या कैद्यांच्या अंगावर शेकडो पदार्थांचे प्रयोग केले. कैदी बहुतांशी कृष्णवर्णीय होते. कित्येक जण तर अजून खटल्याच्या प्रतीक्षेत होते. थोड्या डॉलर्ससाठी ते पाठ पुढे करीत आणि आपल्या अंगाला काय लावले जात आहे, हे त्यांना धड सांगितलेही जात नसे. १९७१ मध्ये तिथे साक्षरतेचे वर्ग घेण्यासाठी गेलेल्या ॲलन हॉर्नब्लम या तरुणाने कैद्यांच्या पाठीवरच्या पट्ट्या पाहिल्या आणि पुढे १९९८ साली त्याविषयी ग्रंथ लिहिला. मुरमांवर ट्रेटिनॉइन गुणकारी ठरते, हे १९६९ साली जगाला सांगणारे डॉक्टर हेच क्लिगमन, आणि त्या औषधाचे प्रयोगही त्या भिंतींच्या आत झाले होते.

बातमी वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. ज्या मलमाने मला लोकांपुढे मान वर करून उभे राहण्याचे बळ दिले, त्याची किंमत कुणीतरी माझ्याआधी आपल्या कातडीने मोजली होती. मी उपकार कोणाचे मानू? त्या डॉक्टरांनी त्वचा बारकाईने पाहिली. त्या त्वचेआडचा माणूस पाहिला नाही. मी माणसाचे अंतःकरण पाहतो असे म्हणत होतो, आणि एका मुलीच्या गालाकडे पाहायला मला दोन मिनिटे मिळाली नाहीत. त्यांचा अपराध फार मोठा, माझा लहान. पण जात एकच.

आता एखादा मुलगा रुमालाने हनुवटी झाकून, किंवा एखादी मुलगी केस गालावर ओढून माझ्यासमोर येते, तेव्हा मी प्रथम तिला बसायला खुर्ची देतो. मग विचारतो, "काय लावतेस? ती ट्यूब घेऊन ये." चष्मा लावून मागची बारीक अक्षरे आम्ही दोघे मिळून वाचतो. मी डॉक्टर नाही, म्हणून औषध सांगत नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडे जायला सांगतो आणि पैशाची अडचण असेल तर तीही विचारतो. डॉक्टरांनी वाटाण्याएवढे सांगितले तर वाटाण्याएवढेच लाव, तीन महिने थांब, उन्हात टोपी घाल, एवढे माझ्या अनुभवाचे बोल जोडतो. दाविदाचा दाखला मी अजूनही देतो. मात्र आता तो पूर्ण अध्याय वाचून देतो.