बेंबी ते गुडघा

आमच्या लहानपणी कोकणात पोहायला कोणी शिकवत नसे, ढकलून देत. आजोळच्या विहिरीवर मामूंनी माझ्या कमरेला सुका भोपळा बांधला, बिस्मिल्ला म्हटलं आणि पाठीत हात दिला. पुढे भोपळ्याच्या जागी तेलाचा रिकामा कॅन आला, पद्धत तीच राहिली. फ्रीस्टाइल, बटरफ्लाय वगैरे कुणाच्या गावीही नव्हतं. आमचे प्रकार दोनच, मुटका आणि सूर. काठावर धुणं धुणाऱ्या किती बायका भिजल्या यावर मुटक्याचे गुण ठरत. सूर चुकला की पोट लालबुंद, आणि रात्री जेवताना तो किस्सा सगळ्या घराला पुन्हा सांगितला जाई.

बारावं सरलं आणि मी विहिरीतून वर आले ती वरच राहिले. मनाई अशी कुणी केली नाही, "आता मोठी झालीस" एवढंच. भाऊही मोठे झाले, त्यांना हे कुणी सांगितलं नाही. राजिवडा, मिरकरवाड्यातल्या कितीतरी पुरुषांचं निम्मं आयुष्य समुद्रावर जातं. पण त्यांच्या घरातल्या, माझ्या ओळखीच्या किती बायकांना चार हात मारता येतात हे मोजायला एका हाताची बोटं पुरतात. आपल्या औलादीला पोहायला शिकवा, असं हजरत उमर यांच्या नावाने सगळेच सांगतात. औलाद या शब्दात मुलगाही येतो आणि मुलगीही, हे मी वर्गात उर्दूच्या तासाला सांगते. घरी तो तास होत नाही.

विचारलं की उत्तर एकच, कपड्यांचं काय? तर कपड्यांचीच गंमत ऐका. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. पुरुषाचा सतर बेंबीपासून गुडघ्यापर्यंत, हे मदरशातलं पोरही सांगेल. आता जागतिक जलतरण महासंघाचा २०१० पासूनचा नियम पाहा. तलावातल्या स्पर्धेत पुरुषाचा पोशाख बेंबीच्या वर जाता कामा नये आणि गुडघ्याच्या खाली येता कामा नये. म्हणजे मौलवीसाहेबांचं किमान तेच महासंघाचं कमाल! दोघांनी एकमेकांना न विचारता एकच टेप वापरली.

हा नियम आला तो अंग फार झाकलं म्हणून. २००८ च्या सुमारास खांद्यापासून घोट्यापर्यंतचे घट्ट पोशाख निघाले. ते अंगात चढवता चढवता खेळाडू घामाघूम होत, पण कापड असं की पाण्यात अंग वर उचललं जाई. २००९ मध्ये महासंघ जागा झाला, त्याच वर्षी रोमच्या जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम मोडले. २०१६ मध्ये फ्रान्समधल्या काही गावांनी किनाऱ्यावर बुर्किनीला बंदी केली, पण तिथे कुणाला वेगाची काळजी नव्हती.

बायकांना तलावातल्या स्पर्धेत खांद्यापासून गुडघ्यापर्यंत मुभा आहे. खुल्या पाण्यात मात्र पोशाख घोट्यापर्यंत चालतो. मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते. शाळकरी पोरांपासून आजी-आजोबांपर्यंत सगळे त्यात उतरतात. तिथे आमची एखादी मुलगी उतरावी असं मला फार वाटतं.

वेगाचं म्हणाल तर २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपल्या कोल्हापूरच्या वीरधवल खाडेचं ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य ०.०१ सेकंदाने हुकलं. त्याची वेळ २२.४७, तिसऱ्याची २२.४६. आमच्या लेडीज बॅचमध्ये तेवढ्या वेळात पापणीसुद्धा लवत नाही.

ही बॅच रविवारी सकाळी असते. कडेचा दांडा धरून सुरमईचा भाव, सुनांची गाऱ्हाणी आणि नववीचे पेपर, सगळं होतं. उरलेल्या वेळात पाय मारतो. सुती सलवार-कुर्ता चालत नाही. तो पाण्यात फुगतो, जड होतो आणि त्याचे धागे फिल्टरमध्ये अडकतात. त्यामुळे आम्ही काही जणी नायलॉनचा पूर्ण बाह्यांचा पोशाख घालतो, त्याला कुणाची हरकत नाही. टोपी मात्र सगळ्यांना सक्तीची. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू टोपीत केस कोंबता कोंबता मला म्हणाल्या, "तुम्हाला बरं, तुम्हाला सवय आहे!"

बॅच चालू राहायला दहा नावं लागतात. या महिन्यात आठ झाली आहेत. नववं माझ्या भाचीचं लिहायचं आहे. ती बारा वर्षांची आहे आणि तिची अम्मी "विचार करून सांगते" म्हणाली आहे.