लिअरला कावेरी नव्हती

तौलनिक साहित्य शिकवणाऱ्या मराठी प्राध्यापकाकडे ‘नटसम्राट’ आणि ‘किंग लिअर’ यांच्या तुलनेच्या नोट्स हमखास असतात. शिरवाडकरांनी १९७० साली शेक्सपिअरकडून काय घेतलं, हा त्यांचा मुख्य मुद्दा. वर्ग मात्र भलत्याच जागी अडतो. लिअरला तीन मुली आहेत, पण बायको नाटकात नाही. ‘नटसम्राट’मधल्या बेलवलकरांच्या सोबतीला मात्र बायको कावेरी आहे. शिवाय बेलवलकर राजा नव्हे, शेक्सपिअरच्या भूमिका गाजवलेला नट. उसनवारी इथे उजळ माथ्यानं रंगमंचावर वावरते. मग शोधायचं काय?

कोणत्या देशानं कोणाकडून काय उचललं याच्या खतावण्या म्हणजे साहित्याचा अभ्यास नव्हे, अशी टीका रेने वेलेक यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत केली. त्याआधी दोनच वर्षं बुद्धदेव बसूंनी जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा स्वतंत्र विभाग उभा केला होता. मुंबई विद्यापीठात टागोरांच्या नावाचं अध्यासन आलं. वसंत बापट, भालचंद्र नेमाडे तिथे होते.

पण विभागांच्या भिंतींबाहेर तुलना कधीच सुरू झाली होती. तेंडुलकरांनी कार्नाडांचं ‘तुघलक’ आणि मोहन राकेशांचं ‘आधे अधुरे’ मराठीत आणलं, कार्नाडांनी बादल सरकारांचं ‘एवम् इंद्रजित’ इंग्रजीत. यात सावकार कोण आणि ऋणको कोण?

दलित साहित्यानं तर जुनी मोजपट्टीच निकामी केली. १९७२ साली दलित पँथरनं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, हा प्रभाव म्हणता येईल. दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८), बामा यांचं ‘करुक्कु’ (१९९२) आणि ओमप्रकाश वाल्मीकींचं ‘जूठन’ (१९९७) यांचं काय? एकीकडे मुंबईतला कावाखाना, दुसरीकडे तमिळ कॅथलिक चर्चमधली जात, तिसरीकडे शाळेत झाडू मारायला लावलेला मुलगा. या तिघांना जोडणारी गोष्ट उसनवारीच्या हिशेबात सापडत नाही.

अडचण एवढीच, की वर्गात ही तिन्ही पुस्तकं बहुधा इंग्रजीतून भेटतात. मराठी मुलानं ‘बलुतं’ इंग्रजीत वाचावं, हा प्रकार चमत्कारिकच! २००३ मध्ये गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी पुस्तकाच्या नावातच या विद्याशाखेचा मृत्यू जाहीर केला. आत मात्र मागणी होती ती दक्षिण गोलार्धातल्या भाषा नीट शिकण्याची. महाराष्ट्रातल्या वर्गाला ती निम्मी तरी परवडते: ‘बलुतं’ मराठीत, ‘जूठन’ हिंदीत वाचता येतं. ‘करुक्कु’च्या बोलीसाठी मात्र तमिळ जाणणारं कोणीतरी शोधावंच लागतं.