सी ते एफ : डाय बदलायला किती वेळ?

माझ्या क्लासला खरी गर्दी होते ती गुरुवारी. जगाचा रविवार तसा भोसरी-चाकणचा गुरुवार. त्या सकाळी येतात ते सीएनसी ऑपरेटर, क्वालिटीवाले, डाय फिटर. हाताला घट्टे आधीचेच, त्यामुळे तारा टोचतात ही तक्रार कमी.

नव्या माणसाला विचारतो, काय साधायचंय? उत्तर ठरलेलं : ‘सर, दिवाळीपर्यंत गिटार आली पाहिजे.’ मग मी विचारतो, ‘दिवाळीपर्यंत चांगला माल काढा’ एवढंच सुपरवायझर म्हणाला तर? ड्रॉइंग मागाल, टॉलरन्स विचाराल. मग गिटारलाच ढोबळ हिशेब का?

गिटारकडे वळण्याआधी मीही प्रेस शॉपमध्ये डाय सेटर होतो. तेव्हाचा माझा सराव म्हणजे गाणं पहिल्यापासून वाजवायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. परिणाम असा की पहिलं कडवं चकाचक आणि शेवटचं गंजलेलं. चूक मात्र रोज त्याच जागी. सी कॉर्ड येत होती, एफही येत होती. अडत होतो ते सीवरून एफवर जाताना.

प्रेस शॉपमधल्या माणसाला हे दुखणं ओळखीचं आहे. प्रेस ठोके झपाझप मारतो, वेळ खातो तो डाय-बदल. जपानी अभियंता शिगेओ शिंगो यांनी १९६९ मध्ये टोयोटाच्या हजार टनी प्रेसवरचं हे काम चार तासांवरून दीड तासावर आणि पुढे तीन मिनिटांवर आणलं. त्यासाठी माणसांना पळवलं नाही. प्रेस थांबल्यावरच होणारी कामं आणि प्रेस चालू असतानाच उरकता येणारी कामं त्यांनी वेगळी केली.

बोटांचंही तेच. सीवरून ए मायनरवर जाताना तर्जनी आणि मधलं बोट जागचं हलवायचंच नाही. फक्त अनामिका पाचव्या तारेवरून तिसरीवर येते. नवशिका मात्र तिन्ही बोटं उचलतो आणि पुन्हा जागा शोधत बसतो. छोट्या एफला तर्जनी तिथेच आडवी होऊन पहिली तारही दाबते, बाकी दोन बोटं एकेक तार खाली सरकतात. आणि उजवा हात थांबवायचा नाही. बदलाच्या क्षणी वर जाणारा स्ट्रोक मोकळ्या तारांवर पडला तरी चालेल. कानाला खटकते ती तुटलेली लय.

आता माप. घड्याळ लावून एका मिनिटात सी-एफचे स्वच्छ बदल किती होतात ते मोजा आणि वहीत लिहा. स्वच्छ म्हणजे एकेक तार छेडली तर खरखर नाही, मुकी तार नाही. बोट फ्रेटच्या पट्टीला लगटून ठेवलं की निम्मं रिजेक्शन तिथेच थांबतं. अवघड तुकडा मेट्रोनोमच्या ६० ठोक्यांवर घ्या. सलग पाच वेळा बिनचूक आला तर ६४ करा, चुकलात तर मुकाट मागे या. आपले गवई पलटे ठाय लयीत घोटतात ते उगाच नाही. चूक जलद वाजवली तर चूकच पक्की होते.

पाळीहून आलेल्या माणसाला वीस मिनिटं पुरेत : पाच बदलांना, पाच पलट्यांना, पाच अडणाऱ्या दोन मात्रांना. शेवटची पाच मनाला येईल ते वाजवायला. ती कापायची नाहीत. प्रेसमधून निघणारा प्रत्येक नग सारखाच हवा; गाणं दर वेळी तेच निघालं तर मात्र काहीतरी बिघडलंय.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी वडील रात्रपाळी करून दिवसा झोपायचे. दोन खोल्यांचं घर, वाजवायची सोय नाही. मी म्हटलं, उजवा हात मांडीवर ठेव, डाव्यानं नुसते बदल कर. आवाज नसला की बोटांकडे नीट लक्ष जातं. महिनाभर तो असा मुकी गिटार धरून बसला. मग एका दुपारी आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज आला : ‘नुसती बोटं काय नाचवतोस? वाजव की आता!’

त्यानं वाजवलं. एफ आली तेव्हा त्याचं लक्षही नव्हतं.